कुंडात ओतलेला हंडा
काडी ओढली की गंधकाचा वास येतो आणि डहाणूच्या आतल्या एका पाड्यावरचं गरम कुंड आठवतं. जमिनीतल्या उष्णतेवर वीज करता येईल का, हे तपासायला आम्ही कुंडाशेजारी बोअर मारली होती. चौथ्या दिवशी कुंड कोमट झालं. रोज नवऱ्याचे आखडलेले पाय तिथे शेकणारी बाई पाण्यात हात घालून बराच वेळ बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चुलीवर तापवलेलं हंडाभर पाणी आणून कुंडात ओतलं. "थंड पडलंय, साहेब. जरा ऊब दिली तर उठेल परत." मी थर्मामीटर बुडवला. पारा किंचित चढला होता. ती वाढ मी वहीत जमिनीच्या उष्णतेची म्हणून लिहिली आणि खाली सही केली. आजही असे आकडे समोर आले की मी तशीच सही करतो.