बाळ ऐकतंय

मराठी शब्द अडला, की आमचे अण्णा कानडीतून वाट काढत. ‘थोडं’ जिभेवर अडकलं की ‘स्वल्प’ म्हणत, ‘ठीक’ निघेना झालं की ‘सरी’. अण्णा म्हणजे माझे सासरे. लहानपणापासून बोलताना अडखळायचे. जे. पी. नगरच्या आमच्या घरात सगळे त्यांच्या शब्दासाठी थांबत. मी नाही. मला ऑफिस गाठायचं असे. त्यांचं वाक्य मीच पुरं करून टाकायची. ते मान खाली घालून म्हणत, “ब... बरोबर.”

सहावा महिना लागला तेव्हा मी जेवताना सहज सांगितलं, “डॉक्टर म्हणाल्या, बाळाला आता ऐकू येतं. आपले आवाज ओळखायला लागेल.”

अण्णांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्यासमोर बोलेनासे झाले. चहा हवा असला की कप दाखवत. सातव्या महिन्यात ओटी भरली, तेव्हा आशीर्वादही नुसत्या हाताने दिला. नणंद मला म्हणाली, “काय बोललीस गं त्यांना, वहिनी?”

मी सरळ बाल्कनीत जाऊन विचारलं, “अण्णा, माझं काही चुकलं का?”

त्यांनी मान हलवली. मग तोंडावर हात धरून अगदी हळू म्हणाले, “त्या... त्याला माझं लागेल. शाळेत पोरं माझी न... नक्कल करायची.” कान लालबुंद झाले होते.

“ऐकून लागत नाही असलं काही,” मी म्हटलं. तरी डॉक्टरांना विचारून आले. आत आवाजाची लय पोचते, शब्द नीट पोचत नाहीत, असं त्या म्हणाल्या. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, “सरी” म्हणाले आणि मी बाळंत होईपर्यंत गप्पच राहिले.

मुलगी झाली. घरी आल्यावर एकदा मी आंघोळीला गेले असताना ती रडायला लागली आणि एकाएकी थांबली. मी दार किलकिलं केलं. “ब... ब... बाळा,” अण्णा तिला सांगत होते आणि ती त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होती. मला बघून ते ओशाळले, गप्प झाले. मी परत आत गेले आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

मुलगी आता स्वच्छ बोलते. अण्णा गेल्या वर्षी गेले. रात्री तिला गोष्ट सांगायचं त्यांचं काम माझ्याकडे आलंय. परवा ती वैतागून म्हणाली, “आई, अण्णांचा वाघ हळूहळू यायचा. तुझा एकदम येतो.”

मी मान खाली घातली आणि वाघाला पुन्हा जंगलात नेऊन सोडलं.