तुटका कुकारा आणि माझे यॉडलिंग

भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल आणि एक निश्चय होता. या प्रवासात एकाही माणसाने माझे यॉडलिंग मनापासून ऐकले नाही, तर परत गेल्यावर ज्यांवरून ते शिकलो त्या ग्रामोफोनच्या चारही तबकड्या विकून टाकायच्या.

स्वातंत्र्यानंतर विलायतेला निघालेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्या मला मिळाल्या. दोन स्वित्झर्लंडच्या गुराख्यांच्या, दोन अमेरिकेतल्या घोडेस्वार गुराख्यांच्या. गाता गाता यांचा आवाज छातीतून एकदम टाळूत उडी मारतो आणि तसाच खाली येतो. या डोंगरावरून त्या डोंगरावर ते म्हणे अशी साद घालत. मी ऐकले आणि पुरता वेडा झालो. वर्षभर गिरगावातल्या चाळीत रियाज केला. चाळीने माझे नाव कोंबडा ठेवले. बायकोही सकाळी म्हणू लागली, "आरवून झालं असेल तर दूध आणा."

रेवसला एस.टी. धरली. मुरुडला मित्राकडे जायचे होते. वाटेत एका लहानशा खाडीशी रस्ता संपतो. तिथल्या होडीला तर म्हणतात. त्या तरीने पलीकडे जायचे आणि तिथली गाडी धरायची. मी ताडगोळे खात बसलो आणि तर मला सोडून गेली. ताडगोळेवाला टोपली उचलत म्हणाला, "कुकारा घाला, येल परत." कुकारा म्हणजे लांबून द्यायची हाळी. तो गेला. काठावर मी एकटा, समोर पाणी, पलीकडे माडांची रांग. असा मोका चाळीत जन्मात मिळाला नसता. मी छाती भरून तीनदा यॉडलिंग केले.

पलीकडून तर बाणासारखी निघाली. दोघे जीव तोडून वल्ही मारत होते, मध्ये गाठोडे घेतलेली एक म्हातारी. माझे गाणे ऐकायला माणसे येताहेत, या कल्पनेने मला चक्क नाचावेसे वाटले.

म्हातारी लुगडे खोचून चिखलात उतरली. "बाई कुठं हाय?"

"कुठली बाई?"

"अडलेली. कळा कवापासून येत्यात?"

ती सोनूबाई, पलीकडच्या गावची सुईण. तरीवाल्याने धापा टाकत उलगडा केला. तर हवी असली की इथे सरळ, लांब कुकारा घालतात. घरात बाई अडली तर आवाज चिरकवून तीनदा तुटका कुकारा. तो आला की तरीवाल्याने हातातले काम टाकून सुइणीला घेऊन यायचे. "ताटातला भात टाकून आलोय," तो म्हणाला. त्याच्या हाताला अजून शिते चिकटली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "आजी, हे गाणं आहे. स्वित्झर्लंडचे गुराखी गातात."

सोनूबाईने मला आपादमस्तक न्याहाळले. "त्यांच्यात येवढ्या बाया अडत्यात व्हय?"

मला घेऊन तर परत फिरली. खाडीच्या मधोमध आल्यावर सोनूबाईने फर्मावले, "आता गा. येवढं पळवलंस, तर पुरतं आइकव." मी घोडेस्वाराचे गाणे घेतले, फळीवर टापा वाजवल्या. वल्हेकऱ्यांनी वल्ह्यांनी ताल धरला आणि तर एका जागी गोल फिरू लागली. सोनूबाई पदराने डोळे पुसत हसत होती. उतरताना मात्र गंभीर झाली.

"घरचं मानूस घाबरलं की आवाज आपसूक तुटतो. तुजा मला खोटा वाटला न्हाय. पन काठावर परत गाऊ नको. उद्या खरी बाई अडंल आनि आमी म्हनू, मुंबईवाला गातोय."

मी तिच्या पायांवर हात ठेवून शब्द दिला.

चार दिवसांनी परतताना त्याच खाडीवर मी सरळ कुकारा घातला. गळा आतून शिवशिवत होता, पण आवाज तुटू दिला नाही. तरीवाला जेवण आटोपून, पान जमवून सावकाश आला. मग भर पाण्यात गेल्यावर चारही तबकड्या त्याला गाऊन दाखवल्या.

तबकड्या घरीच आहेत. चाळ अजून मला कोंबडाच म्हणते. म्हणो बापडी. कोंबडा आरवला म्हणून भरल्या ताटावरून उठून होडी घेऊन धावलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.