सत्कार करून घरी बसवलं

शाल दिसली की माझं डोकं फिरतं. कोणाच्याही सत्काराची असो. लोक टाळ्या वाजवतात आणि मी मनात म्हणते, झालं, बसवलं याला घरी.

राज्य नवीन झालं तेव्हाची गोष्ट. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून आम्ही नागपूरहून रायपूरला आलो, तेलीबांध्याला भाड्याचं घर घेतलं आणि रविवारी चर्चला जाऊ लागलो. उपासना हिंदीत व्हायची, पण मागच्या दोन-तीन बाकांवर आपल्याकडची मराठी माणसं असायची. तिथंच मावशी भेटली. नवरा उरला भागातल्या कारखान्यात होता, तो गेल्यापासून बीरगांवला एकटीच राहायची. नात्यानं माझी कोणी नव्हती, पण पहिल्याच रविवारी "नागपूरची का वं तू?" म्हणून जवळ बसवून घेतलं, तेव्हापासून ती माझी मावशी.

चर्चची एक किल्ली तिच्या कमरेला असायची. दर शनिवारी दुपारी टेम्पोनं यायची, बाकं पुसायची, प्रभूच्या मेजावरचं पांढरं कापड कांजी करून इस्त्री करायची. आणि मग प्रभुभोजनात द्राक्षरस वाटायचे ते अंगठ्याएवढे ग्लास. शंभराच्या वर होते. एक एक ग्लास कढत पाण्यात लिंबू पिळून धुवायचा, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचा, उजेडात धरून पाहायचा. मी एकदा मदतीला गेले आणि सवयीनं साबण हातात घेतला, तर तिनं माझा हातच धरला.

"साबण नको लावू. कितीबी धुव, वास राहतेच. लोकं प्रभूचं रक्त म्हणून पेतात, त्याले साबणाचा वास आला त कसं होईन?"

वीस वर्षं हे चाललं होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

रायपूर राजधानी झाली तसे बाहेरून साहेबलोक येऊ लागले. चर्चच्या कमेटीचा नवा सेक्रेटरीही असाच, मोठ्या ऑफिसातला. मला कमेटीत बायकांच्या वतीनं घेतलं होतं, म्हणजे चहा सांगायला. एका बैठकीत कोणी पाहुणा म्हणाला, तुमचं चर्च किती स्वच्छ आहे. सेक्रेटरी हसून म्हणाला, "बस, हमारे यहाँ सब अपने आप हो जाता है।"

माझं टाळकं सरकलं. उभी राहिले. "अपने आप कुछ नहीं होता, भैया. एक औरत करती है तब होता है।" मावशीचं नाव घेतलं, तिचं सगळं काम सांगितलं, या वयात बादल्या उचलते हेही सांगितलं आणि म्हटलं, तिचा भर उपासनेत सत्कार झाला पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी येऊन मी ते भाषण नवऱ्याला दोनदा ऐकवलं. तो म्हणाला, "आता पुढच्या वेळी तुझाही सत्कार सुचवून टाक."

सत्काराच्या रविवारी मावशी ठेवणीतली साडी नेसून आली होती. पुढं बोलावलं, खांद्यावर शाल टाकली, हातात गुलदस्ता दिला. सेक्रेटरीनं माईक घेतला. "दीदी ने बहुत सेवा की। अब दीदी आराम करेंगी, सफाई का काम एजेंसी देखेगी।" आणि सगळ्यांसमोर त्यानं किल्लीसाठी हात पुढं केला.

मावशीला आधी कळलंच नाही. मग ती कमरेची गाठ सोडू लागली. एका हातात गुलदस्ता, शाल घसरून राहिली, गाठ सुटता सुटेना. तेवढा वेळ लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होते. काय होऊन राहिलं ते कळलं तेव्हा हात थांबले, पण वाजवल्या त्या वाजवल्याच.

उपासना संपल्यावर मी सेक्रेटरीला गाठलं. तो थंडपणे म्हणाला, "आप ही ने तो कहा था, इस उम्र में बाल्टी उठाती हैं। और अब राजधानी का चर्च है, ढंग से चलना चाहिए।" मी विचारलं, मग वीस वर्षं काय बेढंग चाललं होतं? त्यानं घड्याळ पाहिलं. मागच्या बाकांवरच्या आमच्या मराठी लोकांनी तर हद्दच केली. "जाऊ द्या ना ताई, तिलाही आराम." त्याच बाकांवरची धूळ ती पुसायची. मला त्यांचा साहेबापेक्षा जास्त राग आला, अजूनही आहे.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजन होतं. मावशी शेवटच्या बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. ग्लास आले. मी ओठाला लावला आणि साबणाचा वास नाकात गेला. भांडी घासायच्या वडीचा, साधासुधा वास. कोणी तोंड वाकडं केलं, बाकीचे मुकाट प्यायले. मी मागं वळून पाहिलं. मावशीनं ग्लास नाकाशी नेला, क्षणभर थांबली, डोळे मिटले आणि पिऊन टाकला.

खोटं काहून बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, आता ही बोलेल. हिनं एक शब्द काढला तर मी दहा काढीन, सेक्रेटरीला तिथंच उभा करीन. माझी तयारी झाली होती.

बाहेर आल्यावर ती माझ्याकडंच आली. बाजूला घेतलं, हळू आवाजात विचारलं, "कमेटीत माझं नाव तूच देल्लं होतं न?"

मी म्हटलं, "हो मावशी, मीच."

"मंग मले आंधी सांगायचं होतं वं," ती म्हणाली. "काय चुकून राहिलं ते. मी सुधारून घेतलं असतं."