सरकणारी गोणी

आत्माराम दळवी सरांना चेंडूची भीती वाटायची. खेळ शिकवणाऱ्या माणसाबद्दल असं सांगू नये, पण खरं तेच आहे. त्यांच्या बायकोला, वासंतीबाईंना, हे ठाऊक होतं. बाकी अख्ख्या भाईंदरात कुणाला पत्ता नव्हता, निदान सरांचा तसा समज होता.

सर मूळचे रत्नागिरीकडचे. लालबागच्या खोलीत माणसं मावेनात म्हणून नव्वदच्या सुमारास भाईंदरच्या नवघरला राहायला आले आणि तिथल्याच एका शाळेत पीटीचे मास्तर झाले. एका सुट्टीत ते शिबिराला गेले आणि बेसबॉल शिकून परतले. क्रिकेटच्या मुलखात हा कसला उपद्व्याप, म्हणून हेडमास्तरांनी नाक मुरडलं. पण शाळेमागच्या पडीक शेतात सरांनी अशी तयारीची पोरं घडवली की दुसऱ्या शाळा त्यांच्याशी खेळायला कचरू लागल्या. त्यांत चंदन भोईर म्हणजे सगळ्यांवर कडी. नवघर गावातलाच, बापाच्या भाताची राखण करताना ढेकळं मारून पाखरं उठवणारा. त्याचा चेंडू आला कधी आणि गेला कधी, हे फलंदाजाला मागाहून कळायचं.

असा चेंडू झेलायला कॅचर लागतो. तो फलंदाजाच्या पाठीशी उकिडवा बसतो, तोंडावर जाळीचा मुखवटा लावून. हे काम स्वप्नील करायचा. एका संध्याकाळी उकडतंय म्हणून "दोनच बॉल सर, मास्क नको" असं तो म्हणाला आणि सरांनी चालवून घेतलं. चेंडू ग्लोव्हच्या कडेवरून उसळला आणि स्वप्नीलचे पुढचे दात गेले. रिक्षात त्याच्या तोंडाला रुमाल धरून सर ‘माझंच चुकलं’ असं इतक्यांदा म्हणाले की स्वप्नीलच त्यांना म्हणाला, "काय नाय झालं सर." त्याच्या वडिलांनी एका शब्दाने बोल लावला नाही, फक्त पोराला खेळातून काढून घेतलं. नंतर चंदनसमोर बसायला कुणी धजेना. मग सर स्वतः बसू लागले.

वासंतीबाईंनी जुन्या गादीचा कापूस भरून छातीला जाडजूड कवच शिवून दिलं.

"रात्री झोपेत दचकताय," त्या म्हणाल्या. "एवढं भ्यायचं तर बसताय कशाला?"

"मी नाही बसलो तर तो टाकणार कुणाकडे? भिंतीवर?"

संध्याकाळ झाली की सरांच्या पोटात गोळा यायचा. मुखवट्याआड ओठ कोरडे पडायचे. चंदनच्या हातातून चेंडू सुटला की त्यांना स्वप्नीलच्या तोंडावरचा रुमाल दिसायचा आणि डोळे आपोआप मिटायचे. फलंदाज उभा राहतो तिथे ते रेतीची गोणी ठेवायचे. रोज घरी न्यायची, रोज नव्याने मांडायची, आणि तिच्यामागे आपण बसायचं. ही गोणी रोज जराशी मागे, चंदनपासून लांब, पडू लागली. आज या बाजूला चिखल आहे, उद्या त्या बाजूला काटे आहेत. आपल्या मनाची समजूत घालण्यात सर भलतेच तरबेज होते.

राज्याच्या संघाची निवड ठाण्याला होती. तिथलं मैदान नीट आखलेलं, कॅचरही त्यांचाच. चंदनने पहिला चेंडू टाकला, तो कॅचरच्या डोक्यावरून गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला कॅचर उडी मारून पडला आणि पोरं खिदळली.

"हा का तुमचा हिरा?" निवड करणाऱ्यांपैकी एकाने विचारलं.

सरांना लगेच कळलं. चंदनचा हात लांबच्या गोणीला सरावला होता. आखल्या अंतरावर त्याचा प्रत्येक चेंडू उंचावरूनच जाणार होता. पोराचा नेम त्यांच्या भीतीने बिघडवला होता. पुढचं नाव पुकारलं, की चंदन भोईर परत भाताच्या राखणीला.

"साहेब, चूक माझी आहे," सर म्हणाले. "मी भितो. भिऊन लांब बसत आलो. मला कॅचर म्हणून बसू द्या, त्याला माझी सवय आहे."

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हात हलवून परवानगी दिली.

सर खाली बसले. चंदन भयंकर जवळ उभा होता. सरांनी ग्लोव्ह गुडघ्यांपाशी, नेहमीपेक्षा खाली धरला, म्हणजे त्याचा नेमही खाली येईल. पण चंदन टाकेचना. चेंडू छातीशी धरून तो नुसता बघत राहिला.

"टाक ना रे!"

"न्हाय सर." पोराचे डोळे भरले होते. "तुमी डोले मिटताव, मना ठावं हाय. गोणी सरकतं त पन ठावं हाय. स्वप्नीलसारखा लागंल तुमाला."

म्हणजे हा सगळं जाणून होता आणि मास्तरांची लाज राखत मुकाट टाकत होता. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चंदन, मी अजूनही भितोय," ते ओरडले. आता कुणी का ऐकेना. "पण हलणार नाही. डोळे उघडे आहेत, बघ. टाक!"

चंदनने टाकला. सरांना चेंडू पहिल्यांदाच शेवटपर्यंत दिसला, शिवणीच्या लाल टाक्यांसकट. हाताला खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या, पण ग्लोव्हमध्ये चेंडू होता. मग आणखी एक, मग आणखी. हात सुजून आला तरी ते थांबा म्हणाले नाहीत. साहेबांनीच थांबवलं आणि चंदनचं पूर्ण नाव विचारलं.

निवड झालेला चंदन सुट्टीभर संघाच्या शिबिरात राहणार होता, पुढेही तिथलेच कोच त्याला शिकवणार होते. तिथे शिकलेले कॅचर होते, चांगले मुखवटे होते. चंदन पाया पडला तेव्हा सरांनी सुजलेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"सर, आता तुमाला भ्यायला नको," तो म्हणाला.

"हो रे बाबा, सुटलो," असं म्हणून सर हसले. पण उद्या संध्याकाळी पोटात गोळा येणार नाही, या विचाराने त्यांच्या पोटात खड्डा पडला आणि सगळ्यांदेखत त्यांना रडू फुटलं.