चिरंजीवांचं घड्याळ

मी पुणं सोडलं त्या दिवशी खाली टॅक्सी हॉर्न मारत होती, आई माझ्या बॅगेत तिसऱ्यांदा मेतकूट कोंबत होती आणि बाबा हॉलमध्ये स्टुलावर उभे राहून भिंतीत खिळा ठोकत होते. बाबा भूगोलाचे मास्तर. तीस वर्षं पोरांना अक्षांश-रेखांश पाठ करायला लावलेला माणूस. निरोपाला डोळे पुसणं वगैरे त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. जुन्या घड्याळाशेजारी त्यांनी एक नवं घड्याळ टांगलं, न्यूझीलंडची वेळ लावली, खाली चिकटपट्टीवर निळ्या पेनाने 'चिरंजीव' लिहिलं आणि म्हणाले, "आता तिकडे उशिरा उठलास तरी मला इथे कळणार."

मी हसलो. चौदा वर्षांपूर्वी मी कशालाही हसायचो.

आता पापाकुऱ्यात स्वतःचं घर आहे. ट्रेनने ऑकलंडला जातो, दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, येताना डेअरीतून दूध आणतो. (इकडची डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान, मी पहिल्या आठवड्यात तिथे म्हशी कुठे आहेत असं विचारलं होतं.) माझ्या चुका मात्र कुणी शोधायच्या नाहीत, असा माझा समज होता.

दर रविवारी आमच्या संध्याकाळी सातला बाबांचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे साडेबारा, आईचा कुकर लागलेला. हा कॉल चुकवायची सोय नाही. एकदा मी टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून बीचवर लोळत राहिलो आणि चुकला, तर आईने इथल्या तीन मराठी घरांत फोन केले. घरी पोचलो तेव्हा आमच्या मंडळाचे सेक्रेटरी दारात उभे होते, चेहरा असा की मी जिवंत दिसल्याने त्यांची निराशाच झाली असावी.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात अशाच एका रविवारी बाबा म्हणाले, "गुडघा बदलावा लागेल म्हणतायत. जुलैत जमेल का तुला यायला? चारच दिवस."

बाबांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही पहिली गोष्ट. रोज पहाटे पर्वती चढणारा माणूस तेव्हा एक जिना उतरताना दोनदा बसत होता. आणि मी म्हटलं, "बाबा, रजाच नाही हो शिल्लक."

रजा होती. तीन आठवडे होती. तिच्यावर फ्रान्सची तिकिटं काढून झाली होती. आता तुम्ही, म्हणजे जे माझ्यासारखे इकडे आलात ते, मला समजून घ्याल. बारा वर्षं प्रत्येक रजा पुण्यात काकूंकडचे पोहे आणि मामांकडचे पोहे यांत गेली होती. मानसी, माझी बायको, एवढंच म्हणाली होती, "खरं सांगून टाक त्यांना." मी म्हटलं, "कशाला दुखवायचं?" दुखवायचं नाही म्हणून खोटं बोलायचं, ही कला मी मायदेशातून सोबत आणली होती. एअरपोर्टवर ती डिक्लेअर करावी लागत नाही.

तर जुलैतला तो रविवार. दक्षिण फ्रान्स. 'एका दिवसात डोंगरमाथ्यावरची तीन गावं' अशी मिनीबसची सहल. पहिल्या गावात सकाळी नऊला उतरलो. दगडी घरं, जिन्यांसारख्या गल्ल्या, खाली दरीत जांभळी शेतं. आणि खिशात फोन वाजला. पापाकुऱ्यात संध्याकाळचे सात झाले होते. ऐन हिवाळ्यातले, मिट्ट काळोखाचे सात.

कोणताही शहाणा माणूस फोन घेऊन 'तब्येत बरी नाही' म्हणाला असता. मी धावत सुटलो. अंधार शोधत. दोन घरांच्या मध्ये एक कमानीखालची बोळ सापडली, बऱ्यापैकी काळी. मानसीचं काळं जॅकेट अंगात घातलं, टोपी कपाळावर ओढली, भिंतीला चिकटलो आणि दात वाजवत फोन घेतला. "बाबा, काय थंडी पडलीय!"

"अंधार का एवढा?" आई.

"लाइट गेलेत."

"न्यूझीलंडात?" बाबा. त्यांच्या मागे भिंतीवर दोन्ही घड्याळं दिसत होती.

तेवढ्यात माझी नऊ वर्षांची इरा, जिला दोन युरोचं आइस्क्रीम देऊन गप्प बसवलं होतं, कॅमेऱ्यात डोकावली. "हाय आजोबा! इट्स हीप्स हॉट हिअर!"

"हीटर," मी म्हटलं. "हीटरचं म्हणतेय ती."

"लाइट गेलेत ना?" बाबा.

"गॅसचा आहे."

जॅकेटच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या. बाबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "बरं ऐक. गुरुवारी ऑपरेशन आहे. सकाळी आठला."

"बाबा, रजा असती ना, तर मी एका पायावर..."

नेमक्या ह्याच शब्दाला डोक्यावरची एक खिडकी उघडली. एका म्हातारीने टेबलक्लॉथ झटकला, पावाचा चुरा माझ्या टोपीवर पडला, आणि तिच्या उघड्या खिडकीच्या काचेवरून उन्हाची लख्ख तिरीप थेट माझ्या तोंडावर आली. घाम, चुरा, सगळं स्वच्छ दिसलं असणार. पाठोपाठ चर्चची घंटा सुरू झाली. तिचं घड्याळ जरा मागे असावं, पण ठोके पुरते नऊ होते. मला थांबवता येत नव्हते.

ठोके संपेपर्यंत बाबा मान वळवून दोन्ही घड्याळं बघत होते.

"आवर आता," बाबा म्हणाले. "तुझं रात्रीचं जेवण व्हायचं असेल."

पुढच्या दोन गावांत मी काय पाहिलं? बंद खिडक्या. गाइड सांगत होती की इथली तरुण मुलं केव्हाच शहरांत गेली, हिवाळ्यात गल्लीत माणूस दिसत नाही, म्हणून तर हे इतकं शांत, इतकं सुंदर. बसमधले सगळे 'वॉव' म्हणाले. मीही म्हणालो. तिसऱ्या गावात चौकातल्या बाकावर चार म्हातारे ओळीने बसले होते. त्यातल्या एकाने काठी गुडघ्यांमध्ये धरली होती. इराने त्यांचा फोटो काढला. मी तो डिलीट करायला लावला.

मला वाटत राहिलं की बाबांना कळलं नसेल. माणूस स्वतःला किती स्वस्तात फसवतो बघा.

डिसेंबरात पुण्याला गेलो. बाबा नव्या गुडघ्याने, काठी घेऊन दारात आले. हॉस्पिटलची फाइल टेबलावरच होती. मी ती वाचावी म्हणूनच असणार. 'रुग्णासोबत कोण' या रकान्यात शेजारच्या देशपांडेकाकांची सही होती. आई चहा टाकताना म्हणाली, "सगळ्यांना हेच सांगत होते हो, पोराला रजाच मिळाली नाही, फार धडपडला बिचारा."

संध्याकाळी गॅलरीत बसलो असताना बाबांनी पर्वतीकडे बघत विचारलं, "फ्रान्समध्ये डोंगरमाथ्यावर गावं का वसवली, माहितीये?"

नऊ ठोके, दगडी भिंत आणि तिकडचे साडेबारा, भूगोलाच्या मास्तरांना एवढं पुरलं असावं. "का?"

"लांबून कोण येतंय ते दिसावं म्हणून." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आम्ही खालीच राहतो. तरी दिसलं."

एवढंच. ओरडले असते तर मी रडलो असतो आणि मोकळा झालो असतो. मास्तरांनी तेवढी सवलत दिली नाही.

त्यानंतर दर रविवारी, कॉल लागला की पहिलं वाक्य ठरलेलं. "खिडकी दाखव." मी फोन खिडकीकडे फिरवायचा. जूनमध्ये काळोख, डिसेंबरात ऊन. बाबा मागे वळून घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "ठीक." चाळिशीतला, गृहकर्ज फेडणारा माणूस मी, बापाला दर आठवड्याला आपला अंधार तपासायला देत होतो. मानसी हसायची. मलाही अपमान वाटायचा. आता सांगतो, त्या खिडकीपाशी उभा असेपर्यंत मला घर होतं. मी कुठे आहे हे तपासण्याची गरज कुणाला तरी वाटत होती.

गेल्या रविवारी कॉल लागला आणि मी सवयीने, न विचारताच फोन खिडकीकडे फिरवला.

"राहू दे," बाबा म्हणाले.

फोन परत वळवला तेव्हा लक्षात आलं. त्यांच्या मागे भिंतीवर एकच घड्याळ होतं.

"बाबा, माझं घड्याळ?"

"काढलं. आता तू कुठेही अस."

रागाने नाही म्हणाले. हजेरीपट कपाटात ठेवताना मास्तर बोलतात, तसं म्हणाले. मग आईने तिची भाजी सांगितली, मी माझी सांगितली, इराने 'स्वीट अ‍ॅज, आजी' म्हणून, म्हणजे इकडचं 'मस्त' म्हणून, टाटा केलं.

खिळा अजून तिथेच आहे. आईने त्याला बाजाराची पिशवी अडकवलीय.