माझ्या गोष्टीला चिकटलेले टॅग

महाळुंग्याच्या कंपनीत मी फिटर म्हणून चिकटलो तेव्हा गेटवर वॉचमनपेक्षा म्हशी जास्त होत्या. कांद्याच्या वावरातून वाट काढत शिफ्टला यायचं, तर एखादी म्हैस हजेरीच्या मशिनसमोर आपल्या आधी रांगेत उभी. आमची ही म्हणते, यातली म्हैस खोटी आहे. असेल. रांग तर खरी होती.

हे सांगितलं ते एवढ्यासाठी, की मी किती जुना आणि प्रेस शॉपमध्ये माझा दर्जा काय होता ते कळावं. आमच्याकडची सगळ्यात मोठी प्रेस, तिचं नाव मी 'मावशी' ठेवलं होतं. कुरकुर केल्याशिवाय आणि चारदा विनवल्याशिवाय ती पत्रा दाबायची नाही. मावशी अडली की सगळे माझ्याकडं धावायचे. तसा मोबाईलवर मेंटेनन्सचा ग्रुप होता आणि म्हणायला सगळी माहिती त्याच्यात होती. पण गळक्या पाइपचा फोटो, त्याखाली गुलाब आणि शुभ सकाळ, त्याखाली कुणाच्या भाच्याचं बारसं, मग तुटका बेल्ट, मग पुन्हा गुलाब. मागच्या खेपेला मावशीला काय झालं होतं ते शोधायला बसलेला माणूस अंगठा झिजवून उठायचा. त्यापेक्षा मला विचारणं सोपं.

"भाऊ, मागं मावशी अशीच अडली व्हती, तवा काय केलतं?"

"सांगतो. आधी चहा सांग."

उत्तर दोन शब्दांचं असायचं. वॉशर बदल. पण ते दोन शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडायला एक चहा, अर्धी बिस्किटं आणि ऐकणाऱ्यांचं कोंडाळं लागायचं. त्यात तेलाचं कारंजं पार छताला लागायचं, कबुतरं तेलकट होऊन गरागरा फिरायची, आणि मी डोळ्यांवर फडकं बांधून नुसत्या आवाजावरून व्हॉल्व्ह शोधायचो. आणि खंडेनवमीला तर माझं राज्य. मशिनींना झेंडूचे हार घातले, नारळ फुटले, की सगळी शिफ्ट मावशीसमोर उभी राहायची आणि मी मावशीचे वर्षभराचे पराक्रम सांगायचो. मावशीचे म्हणजे, अर्थातच, माझे. मॅनेजरसुद्धा हातात पेढा धरून उभा राहायचा आणि खायचं विसरायचा.

अशा सुखात असताना लातूरकडची एक ताई मेंटेनन्स इंजिनियर म्हणून आली.

बोलायला कमी. चष्मा, पाठीवर सॅक, आणि सांगवीहून रोज स्कूटीवर एवढी धूळ खात यायची तरी चेहऱ्यावर वैताग नाही. असल्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. तिनं आठवडाभर नुसतं ऐकलं. मग एक दिवस सगळ्यांच्या मोबाईलवर एक अल्बम उघडून दिला. ग्रुपवरचे जुने फोटो तिनं त्यात आणून टाकले होते, गुलाब वगळून. आणि प्रत्येक फोटोखाली ती जाळीसारखी खूण काढून शब्द चिकटवले होते. कुठली मशिन, काय बिघडलं, काय केलं.

"याला टॅग म्हणायचं," ती म्हणाली. "एका फोटोला कितीबी लावा. तेल शोधलं की तेलाचे सगळे फोटो येतात, मशिन शोधली की त्या मशिनीचे. ज्यानं शोधलं त्याला सापडतं. कुणाला विचारायची गरज नाही."

शेवटचं वाक्य ती माझ्याकडं बघून बोलली नव्हती. मला मात्र ते थेट लागलं.

त्याच दुपारी कॅन्टीनमध्ये मी कारंज्याची गोष्ट लावली होती. तेल छताला लागलं, कबुतरं फिरायला लागली, आणि समोर बसलेला वेल्डर, माझा इतक्या वर्षांचा दोस्त, ज्याला सगळे भाई म्हणतात, तो मोबाईलमध्ये काहीतरी टाइप करत होता.

"हे बघ," भाईनं फोन टेबलावर ठेवला. "मावशी, तेल, वॉशर. तिन्ही टाकलं. आला फोटो."

फोटोत बशीत मावेल एवढं तेल सांडलेलं, आणि बाजूला फडकं घेऊन उकिडवा बसलेलो मी. टेबल असं हसलं की आमटी हिंदकळली.

"कबुतरं कुठायत रे?" कुणीतरी विचारलं.

"कबुतरांना टॅग न्हाई लावला तिनं," भाई म्हणाला, आणि पुन्हा हसू.

फोटोनं झालेलं हसं मी पचवलं असतं. टॅगमधला 'मावशी' हा शब्द पचला नाही. तिनं मशिनीचा कंपनीचा नंबर लावला होता आणि शेजारी #मावशी. माझं नाव! मी ठेवलेलं, माझ्या तोंडातून सगळ्यांच्या तोंडी गेलेलं नाव हिनं उचललं, जाळी लावली आणि वाटून टाकलं. आता ज्याला त्याला मावशी सापडायला लागली. लोक "वा ताई, काय भारी काम केलंय" म्हणायचे आणि ती "त्यात काय" म्हणायची. तिच्या त्या 'त्यात काय'नं माझ्या पोटात जी आग पडायची, तिच्यावर चाकणच्या बाजारातला सगळा कांदा परतून झाला असता.

माझ्याकडं कुणी येईना. माझा चहा मीच सांगायचो आणि मीच प्यायचो. एकदा तर नवीन आलेला एक फिटर माझ्या शेजारी उभा राहून मोबाईलमध्ये शोधत होता. मी खाकरलो. तो म्हणाला, "सापडलं सापडलं, काका," आणि गेला. मी काहीही न हरवता खाकरणारा म्हातारा होऊन बसलो.

तेव्हा मी ठरवलं, टॅगच ना? आपणही लावू.

टॅग कोणालाही लावता येत होते, हा ताईचा भोळेपणा. मी आपले फोटो काढायला सुरुवात केली. मावशीसमोर मी, मावशीमागे मी, स्पॅनर खांद्यावर घेऊन मी, नुसताच मी. आणि प्रत्येकाखाली अल्बममध्ये दिसेल तो टॅग. प्रेस, पाइप, बेल्ट, तेल, हवा, बेअरिंग, मावशी. काहीही शोधा, आधी माझं दर्शन घ्या. आठ दिवसांत गणपतीच्या फ्लेक्सवर नगरसेवक जितका दिसतो तितका मी त्या अल्बममध्ये दिसायला लागलो.

आणि मावशी अडली. लाइन थांबली. सगळे मोबाईलमध्ये शोधताहेत, आणि एक फोटो वर ढकलावा तर खालून पुन्हा मीच येतोय. हसरा मी, गंभीर मी, हेल्मेटमधला मी.

"काका, हवा शोधली तर तुम्हीच. पाइप शोधला तर तुम्हीच," ताई म्हणाली. आवाज चढला नाही. "आता तुम्हीच सांगा. मागच्या टायमाला काय केलतं?"

सगळे माझ्याभोवती. किती दिवसांनी! छाती पुढं काढली, तोंड उघडलं. आठवत नव्हतं असं नाही, पण आठवणीला यायला जरा वेळ लागत होता, आणि प्रोडक्शनचा साहेब घड्याळ बघत होता. मी कबुतरांपासून सुरुवात केली. तेवढ्यात ताई माझे फोटो बाजूला सारत सारत खाली पोचली आणि तिला सापडलं. वॉशर. मावशी चालू झाली. गर्दी पांगली.

संध्याकाळी बघतो तर माझे सगळे फोटो काढून टाकलेले, आणि माझ्या मोबाईलवरून टॅग लावायची सोय बंद. फक्त बघायची परवानगी. "थोडे दिवस, काका," ती म्हणाली. "मग चालू करते."

खंडेनवमीला हार घातले, नारळ फुटले. मी नवा शर्ट घालून उभा. आणि मॅनेजर म्हणाला, "यंदा ताई आपल्याला मावशीचं वर्ष दाखवणार आहेत." मोठा स्क्रीन लावलेला. एकेक फोटो, एकेक बिघाड, काय केलं, कोणी केलं. सगळं खरं. लोक डोळे लावून बघत होते आणि मॅनेजरनं पेढा खाऊन टाकला होता. मी झेंडूच्या ढिगाशेजारी उभा राहून एकेक पाकळी तोडत होतो, आणि मनात म्हणत होतो, वीज जाऊ दे.

वीज गेली नाही. शेवटी एक फोटो आला. क्रेनच्या हुकाला लटकलेला जेवणाचा डबा, मागं मावशी. खाली एकच टॅग. #विचारा.

"हा कशाचा फोटो ते कुणालाच सांगता येईना," ताई म्हणाली. "मी असले फोटो विचारा म्हणून बाजूला ठेवलेत. काका, तुम्ही जुने. तुम्हाला ठावं असंल."

मला कसलं ठाऊक? डबा भाईचा होता एवढं ओळखलं. मुंग्या लागू नयेत म्हणून लटकवला असणार. भाई समोरच उभा होता, त्याला पक्कं ठाऊक होतं, फक्त ताईनं त्याला विचारलं नसणार. पण सगळ्या शिफ्टचे डोळे माझ्याकडं वळले होते, आणि त्या डोळ्यांना मी मुंग्या दाखवणार होय?

"हा फोटो," मी सावकाश म्हणालो, "बिबट्याचा आहे."

आणि मग मी पुडी सोडलीच. खेडच्या उसातून बिबट्या कसा आत शिरला. मावशीखाली कसा बसला, की ती कुरकुरली तर हा गुरगुरायचा. लोक कसे रॅकवर चढले. मग मी भाईचा डबा उघडला, आत सुकट. तो हुकाला बांधला, क्रेनचं बटण दाबलं, आणि डबा हळूहळू गेटकडं निघाला, त्याच्या मागं नाक वर करून बिबट्या, वासराच्या गुणानं. गेटवर वॉचमननं सवयीनं त्याला हजेरीचं कार्ड मागितलं. बिबट्या ओशाळून पळाला.

टाळ्या! मॅनेजरनं दुसरा पेढा हातात तसाच धरला होता, मी बघितलं. भाई गालातल्या गालात हसत होता, पण बोलला नाही. आणि ताई? ताई हसता हसता टाइप करत होती. जिंकलो राव, म्हटलं. तिच्या अल्बममध्ये माझी गोष्ट गेली. आता टॅगमध्येसुद्धा आपणच.

उन्हाळ्यात एका दुपारी शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर गेलो तर कोंडाळं होतं. मधे भाई. तोच नवीन फिटर, खंडेनवमीला रजेवर गावी गेलेला, त्याला स्वतःच्या पैशानं क्रीमरोल खाऊ घालत होता.

"मग भाई, बिबट्या मागं आला तेव्हा तुम्हाला भीती नाही वाटली?"

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. मोबाईल काढला, तो फोटो शोधला. खाली लावलं होतं: #मावशी #क्रेन #डबा #बिबट्या #भाई. डबा भाईचा, म्हणून भाई. सांगणारा मी फोटोत कुठंच नव्हतो, म्हणून मला टॅग नाही. नव्या लोकांनी टॅग वाचले आणि त्यांच्या परीनं गोष्ट जुळवली. माझी टॅग लावायची सोय अजून बंदच होती.

भाईनं मला बघितलं. एवढ्या वर्षांचा दोस्त, त्याला वाटलं तर तिथल्या तिथं म्हणू शकला असता, की अरे बाबांनो, मुंग्या होत्या. त्यानं क्रीमरोलचा घास गिळला, मिशीवरची साखर पुसली.

"भीती कशाची, भावा?" भाई म्हणाला. "मी त्याला नुसतं म्हटलं, चल."

कोंडाळं आणखी पुढं सरकलं. माझा जीव असा जळत होता की टपरीवाल्यानं माझ्यावर चहा ठेवला असता तर उकळला असता. तोंडावर आलं होतं, की थापा मारतोय हा, बिबट्या-बिबट्या काही नव्हता! पण तेवढं बोललो असतो तर भाई गेला असता ते सोडा, बिबट्याच गेला असता. आणि तो बिबट्या माझा होता.

"बोंबलाच्या वासानं आला तो," भाई पुढं सांगत होता.

"सुकट होती," मी म्हणालो.

सगळ्यांनी वळून बघितलं. नवीन फिटरनं मला निरखलं, जणू मी कुठल्या तरी टॅगमध्ये सापडतो का ते आठवत होता.

"काका, तुम्ही पण होता तेव्हा?"

भाई माझ्याकडं बघत थांबला. उरलेला अर्धा क्रीमरोल त्यानं माझ्यापुढं धरला.

"होतो की," मी तो घेत म्हणालो. "बटण मीच दाबलं."

"आँ? टॅगमध्ये तसं नाही," नवीन फिटर म्हणाला, आणि पुन्हा भाईकडं वळला.