स्लावकामावशीची दुर्बीण

आमच्या येलोवेत्समध्ये स्लावकामावशीच्या हातचं न जेवलेला माणूस सापडायचा नाही. चौतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती ती. जवाचं घट्ट सूप, आंबट कोबी, शुक्रवारी मासा. "पानात टाकलंस तर घरी सांगीन," म्हणायची, आणि खरंच सांगायची. मी, रायको, आज बावन्न वर्षांचा आहे, लाकडाच्या गिरणीत मुकादम आहे, चारचौघांत आवाज चढवून बोलतो. पण तिनं नुसतं "रायको" म्हटलं की माझे हात आपोआप पँटला पुसले जातात.

तिचा नवरा मेतोद गेला तेव्हा ती सत्तेचाळीसची होती. त्याची रायफल विकून टाक म्हणून सगळ्या गावानं सल्ला दिला. हिनं ती विकली नाही, सरळ शिकारीच्या परीक्षेला बसली. आमच्या शिकारमंडळातली पहिली बाई. "मावशी, डुकरं आता पळीनं मारणार काय?" असं म्हणून आम्ही दात काढले. परीक्षेत ती पहिली आली. मी दुसऱ्या खेपेला पास झालो होतो, ते जाऊ दे.

वीस वर्षं तिच्या हातून एकही जनावर जखमी होऊन सुटलं नाही. आणि मग गेल्या सप्टेंबरात ते घडलं. मक्याच्या शेताकाठी मेतोदनं बांधलेल्या मचाणावर ती बसली होती, दिवस कलला होता, आणि रायफलीवरची मेतोदच्या वेळची दुर्बीण आतून नासक्या दुधासारखी झाली होती. तरी तिनं गोळी झाडली. हरणी पडली नाही, झाडीत गेली.

दुसऱ्या कुणी घरी जाऊन झोप काढली असती. हिनं तडक मंडळाचा प्रमुख सिल्वो याचं दार वाजवलं. "सिल्व्या, माझ्या हातून घाण झालीय. तुझी झोया उद्या पहाटे पाहिजे." झोया म्हणजे सिल्वोची रक्ताचा माग काढणारी कुत्री. दुसऱ्या दिवशी दुपारी काट्यांच्या जाळीत ती हरणी मिळाली. जिवंत. सिल्वोनं एका गोळीनं तिला यातनांतून सोडवलं आणि रिवाजाप्रमाणे फरच्या झाडाची डहाळी मोडून मावशीच्या हातात दिली, हरणीच्या तोंडात ठेवायला. आम्ही त्याला शेवटचा घास म्हणतो. ज्या बाईनं आयुष्यभर आम्हा सगळ्यांना घास भरवले तिच्या हातून ती डहाळी दोनदा खाली पडली. शिकार साधल्याचा मान म्हणून शिकाऱ्याच्या टोपीत खोवायची दुसरी डहाळी तिनं घेतलीच नाही.

मंडळाची बैठक बसली. ठरलं असं की नोव्हेंबरातल्या मार्टिनच्या सणाच्या दोन दिवस आधी, मावळत्या उजेडात, शंभर पावलांवरून, ताटलीएवढ्या वर्तुळात तीन गोळ्या. तीनही आत गेल्या तर रायफल तिच्याकडे राहील. नाही तर ती मानद सदस्य. आमच्याकडे मानद सदस्य म्हणजे काय, तर सणाला सगळ्यांसाठी गुलाश, म्हणजे मांसाचा रस्सा, ढवळणारा माणूस. मताला हात कुणी आधी वर केला माहीत आहे? मी. सूप खाल्लेल्या तोंडानं.

ती बैठकीनंतर माझ्याकडे आली. मला वाटलं, आता माझी खैर नाही. तर म्हणाली, "तुझी गाडी आहे ना? मला लुब्लियानाला ने. दुर्बीण घ्यायचीय."

दुकानदार बोरुत मोठा गोडबोल्या माणूस. तिला बघताच त्यानं काचेच्या कपाटातून मनगटाएवढी जाड दुर्बीण काढली. "बाई, छप्पन्न मिलिमीटरची काच. तीनपटीपासून अठरापटीपर्यंत मोठं दिसतं. मध्ये लाल ठिपका पेटतो. फक्त चौदाशे युरो."

"चहापण करते का?" मावशीनं विचारलं.

मग तिनं खिशातून चिठ्ठी काढली. डोळ्यांच्या डॉक्टरणीला तिनं अंधाऱ्या खोलीत बाहुली मोजायला लावली होती. अंधारात ती उघडून उघडून किती उघडते? पावणेपाच मिलिमीटर. मोतीबिंदू नाही, डोळा ठणठणीत, फक्त वयानं बाहुली पूर्वीसारखी उघडत नाही.

"आता मला सांगा," ती बोरुतला म्हणाली, "ही छप्पन्नची काच आठपटीवर ठेवली तर मागून किती जाडीचा उजेड बाहेर पडतो? छप्पन्न भागिले आठ, सात. आणि माझ्या डोळ्याचं दार पावणेपाचचं. बाकीचा उजेड गालावर सांडणार. चौदाशे युरो देऊन मी सांडलवंड का करू?"

बोरुत म्हणाला, "पण बाई, ताकद..."

"ताकद जावयाला दाखवा. छत्तीसची काच आणि सहापट, आहे का? छत्तीस भागिले सहा, सहा. माझ्या डोळ्याला पुरून उरतो."

तशा तीन निघाल्या. दोन नव्या आणि एक जुनी, कुणा वनरक्षकाच्या घरून आलेली, नळीवर ओरखडे. मावशीनं एकेक हातभर लांब धरली, मागच्या काचेत दिसणारं उजेडाचं वर्तुळ स्वयंपाकघरातल्या फूटपट्टीनं मोजलं. मग म्हणाली, "आता बाहेर. पण उजेड गेल्यावर."

"मी पाचला बंद करतो."

"आज सातला करा."

आणि बया खरंच दुकानाबाहेरच्या बाकावर बसली. पिशवीतून पाव काढला, डुकराच्या मांसाचे खारवलेले काप काढले, अर्धा बोरुतला दिला. तो बिचारा कुलूप हातात घेऊन खात उभा. अंधारलं तेव्हा गाड्यांपलीकडच्या कुंपणाखाली एक काळी मांजर बसली होती. पहिल्या दुर्बिणीतून मावशीला नुसता डाग दिसला. दुसरीतून मांजर दिसली. जुनीतून तिचे कान दिसले. एकशे नव्वद युरो, विषय संपला. उरलेल्या पैशांतून तिनं दुर्बीण रायफलीला घट्ट धरणाऱ्या चांगल्या पोलादी कड्या घेतल्या आणि काडतुसांचे खोके घेतले.

"दुर्बीण स्वस्त चालेल रायको, कडी ढिली चालत नाही. आणि हात तर फुकटच, फक्त त्याला रोज सराव लागतो."

आता ऐका माझी अक्कल. ती चौदाशेची दुर्बीण मी घेतली. त्याच दिवशी, तिच्यादेखत. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पानात टाकलं होतं.

पुढचा महिनाभर दर बुधवारी ती चांदमारीच्या मैदानावर. एक गोळी झाडायची, दुर्बिणीची नेम जुळवायची चकती वीस खटके उजवीकडे फिरवायची, वीस परत, पुन्हा गोळी. दुसरं भोक पहिल्याला चिकटलेलं. "ही माझ्याशी खोटं बोलत नाही," असं म्हणून तिनं मेतोदच्या फोटोकडे बघावं तसं त्या ओरखड्यांकडे बघितलं. मी मात्र एका रविवारी, रान उठवून जनावरं हाकलत आणतात त्या हाक्यात उभा, पंचवीस पावलांवर डुक्कर आलं, आणि माझी दुर्बीण राहिली होती अठरापटीवर. डोळ्यासमोर नुसते राठ केस. डोकं कुठलं, ढुंगण कुठलं, काही कळेना. डुक्कर आरामात गेलं. मंडळी आठवडाभर विचारत होती, "रायको, ब्रश घ्यायला गेला होतास काय रे?"

ती परीक्षेची संध्याकाळ आली. आम्ही अकरा जण, सिल्वो, झोया. धुकं खालून वर येत होतं. मावशी मेतोदच्या मचाणावर चढली. शंभर पावलांवर तपकिरी पुठ्ठा, त्यावर ताटलीएवढं वर्तुळ. पहिली गोळी आत. थोड्या वेळानं दुसरी, तीही आत. 

तिसरी येईना.

उजेड झपाट्यानं उतरत होता. मचाणावरून खटक आवाज आला. तिनं काडतूस बाहेर काढलं होतं.

"सिल्व्या, मला दिसत नाही. मी मारणार नाही."

सिल्वोनं माझी रायफल घेतली, चौदाशेच्या दुर्बिणीतून बघितलं. "अगं, दिसतंय की! वर्तुळ दिसतंय."

"तुला पुठ्ठा आधीपासून माहीत आहे म्हणून दिसतंय. मला तपकिरी काहीतरी दिसतंय. सप्टेंबरातही मला तपकिरी काहीतरीच दिसलं होतं."

"स्लावका, नियम तीनचा आहे."

"माहीत आहे. गुलाशाचं पातेलं कुठंय ते सांग."

कुणी हसलं नाही. ती शिडीवरून हळूहळू उतरत होती आणि मी सिल्वोकडे दोन पावलं सरकलो. आता सांगतोच. आदल्या संध्याकाळी, याहून कमी उजेडात, मी एका डुकरावर गोळी झाडली होती. लाल ठिपका पेटवून, मोठ्या ऐटीत. डुक्कर किंचाळलं आणि गेलं. मी विजेरी घेऊन पाच मिनिटं रक्त शोधलं, मिळालं नाही, घरी गेलो. कुणाला सांगितलं नाही. वर तोंड करून तिची परीक्षा बघायला आलो होतो!

"दादा," मी सिल्वोला म्हणालो, "काल ओढ्याजवळ मी एक डुक्कर जखमी केलंय. सांगितलं नाही."

सिल्वोचं तोंड लालबुंद झालं. पण तो काही बोलायच्या आधी मावशी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मला वाटलं कानाखाली बसते. म्हणाली, "कुठं उभा होतास, ते झाड आठवतंय?"

"आठवतंय."

"मग उजाडल्यावर दाखव. तुझी लाज नंतर काढू, ते जनावर आधी."

उजाडता उजाडता झोयाला माग लागला. दोन तास ओढ्याच्या काठानं, मग नेच्यांच्या दाटीत. डुक्कर मागच्या पायानं अधू झालेलं होतं आणि चिडलेलं होतं. झोया भुंकली आणि ते तिच्या अंगावर आलं. मी रायफल उचलली, डोळा लावला. पुन्हा केस! थंडीनं बधिर बोटांना पट बदलायची चकती फिरेना. तेवढ्यात माझ्या उजवीकडून एकच गोळी सुटली. डुक्कर झोयापासून दोन हातांवर कोसळलं आणि हललं नाही.

मावशीनं रायफलीतून टरफल काढलं. आदल्या संध्याकाळी न झाडलेलं तेच तिसरं काडतूस होतं ते.

सिल्वोनं फरची डहाळी मोडली. शेवटचा घास मावशीनं ठेवला, या वेळी पहिल्याच खेपेला. टोपीसाठीची डहाळी त्यानं पुढे केली तेव्हा तिनं ती घेतली, अर्धी मोडून झोयाच्या पट्ट्यात खोवली आणि अर्धी टोपीत. मग सिल्वो आमच्याकडे वळून म्हणाला, "तिसरी गोळी झाली. मोजायची का?"

हात मीच आधी वर केला.

माझी रायफल वर्षभरासाठी सिल्वोच्या कपाटात आहे, आणि ते बरोबरच आहे. मार्टिनच्या सणाला पातेल्याशी मी उभा होतो. मीठ जास्त पडलं, मांस तळाला थोडं लागलंही. सगळ्यांनी नावं ठेवली. मावशीनं पूर्ण ताट संपवलं, पाव फिरवून पुसून घेतलं, आणि ताट माझ्यापुढे धरून म्हणाली, "वाढ अजून."